राज्य आधी, वर्ण मागाहून

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये एक वाक्य ठरलेले आहे. प्राचीन भारतीय समाज गुणकर्मानुसार चार वर्णांत विभागलेला होता. ब्राह्मण अध्ययन-अध्यापन करीत, क्षत्रिय राज्य करीत, वैश्य शेती-व्यापार सांभाळीत आणि शूद्र या तिघांची सेवा करीत. लातूरच्या क्लासेसपासून नांदेडच्या अभ्यासिकांपर्यंत झेरॉक्सचा कुठलाही गठ्ठा उघडा, शब्द थोडे इकडेतिकडे होतील, मजकूर हाच. पुढच्या पानावर सोळा महाजनपदांचा तक्ता. त्यात तळाशी कुठेतरी अश्मक : राजधानी पोतन, नदी गोदावरी. धर्माबाद-बिलोलीकडची मुलेही हा तक्ता घोकतात. पोतन म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते राज्याच्या सीमेपलीकडचे बोधन, आणि विंध्याच्या दक्षिणेचे ते एकमेव महाजनपद म्हणजे आपलाच मुलूख, हे मात्र तक्त्यात नसते. गुण एकच, आणि तो ‘पोतन’ लिहिले की मिळतो.

माझे भांडण त्या पहिल्या वाक्याशी आहे. ते त्रोटक आहे ही तक्रार नाही. नोट्स त्रोटकच असणार. तक्रार अशी की ते उलटे आहे. क्षत्रिय होते म्हणून ते राज्य करीत, असे ते सांगते. आपल्या भागाशी संबंधित शिलालेख, ताम्रपट आणि खुद्द पुराणेसुद्धा नेमकी याच्या विरुद्ध साक्ष देतात. राज्य आधी हाती आले, वर्ण मागाहून आला. नोकरी लागल्यावर जातपडताळणीच्या कचेरीत खेटे घालावेत तसा, खटपट करून, दक्षिणा मोजून आणि प्रसंगी वंशावळ नव्याने लिहून घेऊन.

पुराणांपासूनच सुरुवात करू, कारण चातुर्वर्ण्याचा पुरावा म्हणून तीच पुढे केली जातात. मगधाच्या महापद्म नंदाबद्दल पुराणे म्हणतात की तो शूद्र स्त्रीच्या पोटी जन्मला आणि त्याने सगळ्या क्षत्रियांचा अंत केला. ज्या राजवंशांचा काळ नंदांबरोबर संपला त्यांच्या यादीत पांचाल, काशी, कुरू यांच्या जोडीला अश्मकही आहेत. म्हणजे पुराणकारांच्याच हिशेबाने गोदावरीकाठचे क्षत्रिय राज्य इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका शूद्राच्या हातून आटोपले. यापुढचे राजे शूद्रयोनीचे असतील, असेही ती वर सांगून ठेवतात. ‘क्षत्रिय राज्य करीत’ हा नियम ज्या ग्रंथपरंपरेतून आला, तिनेच त्याची मुदत संपल्याची नोंद केलेली आहे, आणि तीही आपल्याला ठाऊक असलेली बहुतेक मोठी साम्राज्ये उभी राहण्याच्या आधीची.

नांदेडचे नाव ‘नवनंद देहरा’वरून पडले, अशी एक गोष्ट गावात हौसेने सांगतात. वाकाटकांच्या ताम्रपटात नंदिकट असे नाव येते, तेव्हा ती गोष्ट जरा सबुरीने घ्यायला हवी. पण गंमत पुढेच आहे. जो वक्ता नऊ नंदांचा अभिमान मिरवतो, तोच पाच मिनिटांत आपल्या अखंड क्षत्रिय परंपरेवर येतो. दोन्ही गोष्टी एका तोंडी शोभत नाहीत, हे सांगायला व्यासपीठावर कोणी नसते.

मुळात ही चौकट इथली नाही. ती गंगेच्या खोऱ्यात घडली आणि तिथेही तिच्यावर एकमत नव्हते. ब्राह्मणग्रंथांच्या यादीत ब्राह्मण पहिले. पाली ग्रंथांत खत्तिय पहिले, ब्राह्मण दुसरे. यादी करणारा कोण, त्यावर क्रम ठरला. ऐतरेय ब्राह्मणाने तर आंध्र, पुलिंद, शबर या दक्षिणेकडच्या लोकांना सरळ दस्यूंत टाकून दिले. सुत्तनिपातात बावरी नावाचा कोसलातला ब्राह्मण दक्षिणेत उतरतो, अश्मकाच्या मुलखात, अळकाच्या शेजारी, गोदावरीच्या काठी राहतो आणि वेचलेल्या धान्यावर व फळांवर गुजराण करतो. शेजारचे गाव भरभराटीचे आहे. त्याच्या उत्पन्नातून तो महायज्ञ करतो. मग आपले सोळा शिष्य पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी या वाटेने बुद्धाकडे पाठवतो. या कथेत नदी आहे, उत्पन्न देणारे गाव आहे, राजे आहेत, उत्तरेला जाणारा पक्का रस्ता आहे. ब्राह्मण आहे, पण तो बाहेरून आलेला. ज्याला राज्य म्हणावे असा सगळा जामानिमा चार वर्णांची तजवीज होण्याआधी गोदावरीकाठी मांडलेला दिसतो.

अशोकाचेही तेच. त्याच्या शिलालेखांत ब्राह्मण आहेत, श्रमण आहेत, दास आणि मोलकरी आहेत, दख्खनकडचे रठिक आणि भोज आहेत. क्षत्रिय, वैश्य, शूद्र हे वर्ग कुठे नाहीत. मेगॅस्थनिसने भारतीय समाजाचे सात भाग मोजले. हा सात आकडा नोट्समध्ये असतो, कारण त्यावर प्रश्न येतो. मग डोळ्यांनी पाहणाऱ्याला सात का दिसले आणि ग्रंथाला चारच का दिसले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, कारण त्याला पर्याय देता येत नाहीत.

आता सातवाहनांकडे येऊ. इथे जरा थांबायला हवे, कारण मराठी माणसाच्या अभिमानाचे हे पहिले घर. भागवत पुराण या घराण्याच्या मूळ पुरुषाला वृषल म्हणते. कण्व राजा सुशर्म्याला मारून गादीवर बसलेला आंध्र जातीचा चाकर. वृषल म्हणजे धर्माबाहेरचा, शूद्र. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे गुणगान कोरवून घेतले. तिथे त्याच वंशातला हा मुलगा ‘एकबम्हण’ होतो, अद्वितीय ब्राह्मण. त्याने क्षत्रियांचा दर्प आणि मान मोडला, असेही तिथे लिहिले आहे. एकच घराणे, एकीकडे शूद्र, दुसरीकडे ब्राह्मण, आणि वर क्षत्रियांचे पारिपत्य करणारे. नोट्सच्या वाक्यात याला कुठल्या रकान्यात बसवायचे? बसत नाही. म्हणून मग ‘सातवाहन बहुधा ब्राह्मण होते’ असे लिहून मोकळे होतात. पुराणाने जे म्हटले ते वैऱ्याचे बोलणे म्हणून सोडून द्यायचे आणि आईने जे म्हटले ते प्रमाण मानायचे, हा न्याय कुठला?

हा ब्राह्मण्याचा दावा कसा उभा राहिला, ते नाणेघाटात वाचायला मिळते. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची यादी आहे, अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक, आणि प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा : गाई हजारोंनी, कार्षापण नाणी हजारोंनी, हत्ती, घोडे, गावे. घाटातून माल वर येतो-जातो, जकात जमते, आणि त्याच घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात यज्ञांचा जमाखर्च कोरलेला. शेजारी पुतळे होते. पुतळे गेले, नावे उरली. त्यांत सिमुक आहे, सिरि सातकणी आणि नागनिका आहेत, आणि एक महारठी आहे, नागनिकेचा बाप म्हणून ओळखला जाणारा. महारठी, महाभोज या दख्खनच्या स्थानिक बलाढ्य कुळांच्या पदव्या. त्यांच्या लेकी घेऊन, त्यांना सोयरे करून सातवाहन मोठे झाले. राज्य उभे राहिले ते या सोयरिकींवर आणि घाटांवर. वेद मागाहून बोलावण्यात आले, आणि रोख मोजून.

बलश्रीच्या लेखातले आणखी एक विशेषण आपल्याकडे फार लाडके आहे : त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. चातुर्वर्ण्य पाळले जात होते याचा हा सज्जड पुरावा, असे म्हणतात. मला तो उलटा पुरावा वाटतो. जे घडतच नाही ते थांबवल्याची कोणी बढाई मारत नाही. आणि थांबवले म्हणावे, तर पुढे काय झाले? शक, यवन, पल्हव यांचा संहार केल्याचे ज्या घराण्याच्या लेखात म्हटले, त्यातल्याच वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची मुलगी होती. कान्हेरीचा लेख तिचे कुळ सांगतो. इसवी सन १५० च्या सुमाराच्या जुनागडच्या लेखात महाक्षत्रप रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवले, पण जवळचा नातेवाईक म्हणून राहू दिले. संकर थांबवणाऱ्यांच्या घरातली सून म्लेंच्छांकडून आलेली, आणि राज्य वाचले ते त्या नात्यामुळे.

हे झाले राजांचे. लोक स्वतःला काय म्हणवीत? लेण्यांतल्या देणगीदारांच्या नोंदी वाचाव्यात. कार्ल्याचे प्रवेशद्वार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले. कुड्याला माळ्याचे दान आहे. पितळखोऱ्याचा एक खांब पैठणच्या अत्तरवाल्या कुळातल्या मितदेवाने दिला. भोकरदनचे दाते सांचीला नोंदलेले आहेत. गाव, धंदा, बापाचे नाव किंवा आईचे नाव, एवढी ओळख त्यांना पुरत होती. ब्राह्मण असला तर तो ब्राह्मण म्हणून नोंदवला जाई. पण ‘मी वैश्य’, ‘मी शूद्र’ असे सांगत आलेला दाता शोधून सापडणे कठीण. आणि धंदाही लोखंडी पिंजरा नव्हता. पितळखोऱ्याला एक बुटका, ढेरपोट्या, गालभर हसणारा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर अक्षरे आहेत : हा कण्हदास सोनाराने केला. सोनाराने दगड घडवला आणि वर सही केली. गुणकर्मविभागवाल्यांनी या यक्षापुढे दोन मिनिटे उभे राहावे. तो तरी हसतोच आहे.

नाशिकला उषवदाताचा लेख आहे. हा शक, राजा नहपानाचा जावई. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर. मुद्दल परत मागायचे नाही. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवलेला. राजघराण्यातला माणूस आपला पैसा विणकरांकडे ठेवतो, कारण राजे येतात-जातात, श्रेणी टिकेल असा त्याला भरवसा आहे. ज्यांच्या माथी नोट्स ‘सेवा’ मारतात ते लोक हे. आणि हाच परकीय उषवदात प्रभासतीर्थावर आठ ब्राह्मणांच्या लग्नाचा खर्च करतो, गाई लाखांनी दान देतो, वर्षाला लाख ब्राह्मण जेवू घालतो. वर्णाच्या गणितात तो कुठेच नाही, पण ब्राह्मणांना त्याचे अन्न चालले.

लातूरच्या शेजारचे तेर म्हणजे त्या काळचे तगर. ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचे नाव येते. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर. तिथून जाडेभरडे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांवर भडोचला जाई. तेरणेकाठी उत्खनने झाली, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे, हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत. हा माल पिकवणारे, विणणारे, रंगवणारे, भाजणारे हात कुठल्या वर्णाचे, हे त्या वस्तू सांगत नाहीत. त्यांच्या घामावर सातवाहनांची नाणी खणखणली, एवढे सांगतात.

लातूरकरांना राष्ट्रकूटांचा अभिमान आहे, आणि असायला हरकत नाही. अमोघवर्षाच्या ८६६ सालच्या शिलालेखात ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ ही पदवी आहे. लट्टलूर म्हणजे लातूर हे अनंत सदाशिव अळतेकरांनी मानले आणि आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. कंधारचा किल्ला, जगत्तुंग समुद्र, मानसपुरीच्या क्षेत्रपालाचे प्रचंड अवशेष, हे सगळे त्या वैभवाचे. पण अभिमानाच्या भाषणात त्यांना जन्मजात यदुवंशी क्षत्रिय म्हटले जाते, तिथे गोम आहे. घराण्याच्या सुरुवातीच्या ताम्रपटांत यदूपासूनची वंशावळ नाही. ती पुढच्या पिढ्यांच्या लेखांत येते. साम्राज्य उभे करणाऱ्या दंतिदुर्गाने काय केले, ते ८७१ सालच्या संजान ताम्रपटात सांगितले आहे : त्याने उज्जयिनीला हिरण्यगर्भ दान केले. हा विधी असा. सोन्याचे मोठे भांडे करायचे, यजमानाने त्यात शिरून गर्भासारखे अंग आक्रसून बसायचे, ब्राह्मणांनी गर्भाधानापासूनचे संस्कार म्हणायचे, मग यजमान बाहेर येतो, नव्याने जन्मल्यासारखा, आणि ते सोने ब्राह्मणांत वाटले जाते. क्षत्रियत्व जन्मानेच मिळाले असते, तर सोन्याच्या भांड्यातून दुसऱ्यांदा जन्म घेण्याचे काय कारण होते? राष्ट्रकूटांचे मोठेपण वेरूळच्या कैलासात आहे, त्यांच्या दरबारातल्या कन्नड आणि प्राकृत वाङ्मयात आहे. त्यासाठी वंशावळीची उसनवार करायची गरज नाही.

हा मजकूर वाचून काही जण खूश होतील, आणि त्यांच्याशी माझे भांडण अधिक मोठे आहे. ते म्हणतील, बघा, वर्णव्यवस्था किती लवचिक होती! शूद्र राजा होत होता, सोनार शिल्पकार होत होता, ब्राह्मण राज्य करीत होता. मग अन्याय कुठे होता? हल्ली हा युक्तिवाद फार चलतीत आहे. लवचिकता होती, पण ती कोणासाठी? ज्याच्याकडे फौज आणि सोने होते त्याच्यासाठी. वाकाटकांचा मंत्री वराहदेव घटोत्कच लेण्यात आपल्या पूर्वजांबद्दल बेधडक कोरून ठेवतो की त्यांच्यातला सोम हा ब्राह्मण, त्याने ब्राह्मण आणि क्षत्रिय अशा दोन्ही बायका केल्या, श्रुतिस्मृतींना धरून. मंत्र्याच्या घरी संकर शास्त्रशुद्ध ठरतो. कुंभाराच्या घरी तो ठरला असता का, हे सांगायला कुंभाराचे लेणे नाही.

आणि आता तो ताम्रपट, ज्यात नांदेडचे नाव येते. वत्सगुल्मच्या, म्हणजे वाशिमच्या शाखेचा वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, चौथ्या शतकाचा उत्तरार्ध, राज्याचे सदतिसावे वर्ष. नंदिकटाच्या उत्तर मार्गातले आकासपद्द नावाचे गाव तो अथर्ववेदी ब्राह्मणांना देतो. लेखाचा मोठा भाग प्राकृतात आहे, आणि त्यात सवलतींची लांबलचक यादी आहे. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. सोने आणि धान्य मागणार नाहीत. मिठासाठी जमीन खणणार नाहीत. फुले आणि दूध घेणार नाहीत. बैल पाळीपाळीने धरून नेणार नाहीत. कातडे आणि कोळसा मागणार नाहीत. सवलत म्हणून जे लिहावे लागते, ते बाकीच्या गावांत रोज चालू असते. नांदेडच्या आसपासच्या कुणब्याच्या दारात शिपाई येत, बैल सोडून नेत, दूध उचलत, कातडे मागत. दान घेणाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. ज्यांचे बैल जात त्यांच्यातल्या एकाचेही नाव नाही. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात सगळ्या वेठीतून सूट दिल्याचे स्पष्ट शब्द आहेत, आणि सोबत अटी : दान घेणाऱ्या हजार ब्राह्मणांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. वर्ण आणि सत्ता यांचा सौदा इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच लिहिलेला असेल. राजाला प्रतिष्ठा, ब्राह्मणाला गाव, आणि शेतकऱ्याला वेठ.

याला श्रमविभागणी म्हणायचे? बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरला करू न दिलेल्या भाषणात, याचे उत्तर देऊन ठेवले : ही श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. नव्वद वर्षे होत आली तरी ‘गुणकर्मानुसार श्रमविभागणी’ हे शब्द नोट्समधून हलायला तयार नाहीत. कारण उघड आहे. ते शब्द ठेवले की राज्य कोणी कसे मिळवले, ते टिकवायला कोणाचे बैल गेले, आणि वर्णाचा शिक्का कोणी कोणाकडून कितीला घेतला, हे काहीच विचारावे लागत नाही.

म्हणून इतिहास शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. चार वर्णांचे वाक्य परीक्षेसाठी लागत असेल तर एकदा लिहून द्या, पण त्यापुढे ‘असा दावा ग्रंथ करतात’ एवढे चार शब्द जोडा. आणि एक तास वाशिमच्या ताम्रपटाला द्या. सवलतींची यादी फळ्यावर लिहा आणि शेतकऱ्यांच्या मुलांना विचारा की यातले काय कोणाच्या घरातून जात असेल. ती मुले उत्तर देतील. साधने इंग्रजीत आहेत ही सबब चालणार नाही. वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांवर आणि सातवाहनांवर, त्यांच्या कोरीव लेखांसह, मराठीत ग्रंथ लिहून ठेवले आहेत.